उजवीकडची चाहूल

माझे भावोजी नाटकं बसवतात. नाटकवाले त्यांना मास्तर म्हणतात, वर्तमानपत्रं ज्येष्ठ दिग्दर्शक म्हणतात, आणि आमची आई होती तोवर ‘थोरले जावई काय करतात’ या प्रश्नाला ती ‘फिरतीवर असतात’ एवढंच सांगायची. मी दातांची डॉक्टर आहे. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर माझा दवाखाना, वर तिसऱ्या मजल्यावर ताईचं घर. त्यामुळे या माणसाची सगळी कारकीर्द मी दुपारच्या चहाला वर जाऊन-जाऊन पाहिली. मला नाटकातलं काही कळत नाही असं भावोजी म्हणतात आणि मी वाद घालत नाही. मोठमोठे नट माझ्यापुढे आ वासून मुकाट पडलेले मी पाहिलेत, तेवढं मला पुरतं.

त्यांची कामाची एक रीत होती. नवं नाटक हातात घेतलं की ते आधी हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावायचे आणि मोकळ्या फरशीवर चिकटपट्ट्यांनी नाटकातलं घर आखायचे. निळी पट्टी म्हणजे भिंत, पिवळी म्हणजे दार, लाल चौकोन म्हणजे टेबल किंवा पलंग. मग खिडकीपाशी स्टूल टाकून बसायचे आणि ताईला मधे उभी करायचे. ताई हातात संहिता घेऊन सगळी पात्रं व्हायची. नायिका ती, नायक ती, म्हातारा बाप ती, चोर ती. एकदा ती पूर्ण एक अंक प्रेत होती आणि त्यात तिला चांगली गाढ झोप लागली. कुणी कुठून यायचं, कुठे थांबायचं, कोणत्या वाक्याला बसायचं, हे सगळं भावोजी आधी ताईवर ठरवायचे आणि मग तालमीच्या हॉलवर जाऊन नटांना शिकवायचे. त्यांच्या नाटकात नटाने टाकलेलं प्रत्येक पाऊल त्याआधी ताईनं घरच्या सपातांमध्ये टाकलेलं असायचं.

पट्ट्या एकदा लागल्या की नाटक उभं राहीपर्यंत काढायच्या नाहीत, असा दंडक होता. घरात माणसं त्या पाळायची. माझी भाची तर त्यातच चालायला शिकली. ती चारेक वर्षांची असताना मी एकदा घाईत निळ्या पट्टीवरून पलीकडे गेले, तर ती जेवता जेवता थांबून म्हणाली, "मावशी, भिंत आहे ती." आणि मी, चांगली शिकली-सवरलेली बाई, मागे फिरून पिवळ्या दारातून आत आले. पुढे ही भाची पूल बांधणारी इंजिनिअर झाली. तिला पट्ट्यांचा कंटाळा आला असावा.

आता ताईबद्दल. ताई आणि भावोजी एकाच हौशी मंडळात होते. एका बंद पडलेल्या गोदामात यांचं पहिलं नाटक व्हायचं होतं आणि त्यात ताई नायिका होती. तालमी सुरू असतानाच तिला दिवस गेले. तेव्हा ठरलं की या नाटकात दुसरं कुणीतरी करेल, ताई पुढच्या नाटकात. पुढच्या नाटकाच्या वेळी मूल अंगावर पीत होतं. त्याच्या पुढच्या वेळी आमचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि ते ताईकडेच होते. मग भावोजींचं नाव झालं, नामवंत नट्या त्यांच्याकडे काम करायला टपून बसल्या, आणि ‘पुढच्या नाटकात’ हे दोन शब्द त्या घरात कुणी उच्चारेनासं झालं. कुणी तिला नाही म्हटलं नव्हतं. कुणीच काही म्हटलं नव्हतं. मला त्याचाच जास्त राग यायचा.

ताईला मात्र हवं होतं. हे मला ठाऊक आहे, कारण तिनं मला सांगितलं. साठी उलटून गेल्यावर तिची एक दाढ बिघडली आणि मी तिचं रूट कॅनॉल करत होते. तोंडात कापसाचे बोळे होते तोवर ती गप्प होती. ते काढल्यावर चूळ भरून म्हणाली, "मला एकदा तरी तिथे वर उभं राहायचंय. दिवे लागलेले असताना." मी म्हटलं, मग भावोजींना सांग. ती म्हणाली, सांगायचं असतं तर इतकी वर्षं थांबले असते का. आणि पुन्हा चूळ भरली.

दरम्यान भावोजी मोठे झाले होते. त्यांची एक शैली म्हणून सांगितली जायची. नाट्यशिबिरांत ते ती शिकवायचे. त्या शैलीचा बिल्ला म्हणजे एक मान. त्यांच्या नाटकात पात्र बोलता बोलता मधेच थबकतं, पाय तसेच राहतात, आणि मान तेवढी हळूच उजवीकडे वळते. एक क्षण काहीतरी ऐकते. मग माणूस परत येतो आणि वाक्य पुरं करतो. पहिल्या गाजलेल्या नाटकात नायिकेनं हे केलं तेव्हा लोक म्हणे श्वास रोखून बसले होते. मग सगळेच करायला लागले. भावोजींच्या विद्यार्थ्यांनी केलं, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं, मालिकांमधल्या सासवांनी केलं. शाळेच्या नाटकात ससा झालेलं एक पोरगंसुद्धा मी मान वळवताना पाहिलं. एका समीक्षकांनी तर त्यावर पुस्तकच लिहिलं. मास्तरांचा माणूस या जगात उभा राहून पलीकडच्या जगाची चाहूल घेतो, वगैरे. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा. त्या समीक्षकांची अक्कलदाढ मीच काढली, पुस्तक आल्यानंतर.

त्या मानेची गोष्ट अशी की ताईच्या हॉलमध्ये, खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं की स्वयंपाकघर उजव्या हाताला येतं. ताई पट्ट्यांमध्ये उभी असायची तेव्हा आत गॅसवर दूध असायचं, पाळण्यात पोर असायचं, नंतर वडील असायचे. ती नायिकेचं वाक्य म्हणता म्हणता थबकायची, उजवीकडे कान द्यायची, दूध वर येत नाहीये अशी खात्री करायची आणि वाक्य पुरं करायची. भावोजी स्टुलावरून बघत असायचे. त्यांनी ते जसंच्या तसं उचललं. चोरी म्हणवत नाही, कारण आपण काय उचलतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. काम करताना त्यांना समोर बायको दिसत नसे, पात्र दिसे. गॅस दिसत नसे. त्या गाजलेल्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी आणि ताई मागच्या रांगेत बसलो होतो. नायिकेची मान वळली आणि ताईनं माझा हात दाबून कानात सांगितलं, "अगं, ते दूध आहे." आम्ही दोघी तोंडाला रुमाल लावून हसलो. भावोजींना हे तिनं कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतंय ना त्यांना सुचलं, मग राहू दे, असं तिचं म्हणणं.

भावोजींची तब्येत उतरायला लागली ती दम्याने. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि तोंडाने ओढायचा पंप खिशात चाचपायचे. त्यातच त्यांनी एक नाटक घ्यायचं ठरवलं आणि हे शेवटचं असं आपणहून जाहीर केलं. नाटक एका आईचं होतं. तिची मोठी झालेली दोन मुलं घराची वाटणी करायला जमतात, दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांमधून तिला हाका मारतात, आपापली बाजू सांगतात. ती प्रत्येकाकडे जाते, प्रत्येकाचं ऐकते. शेवटी ती मधल्या खोलीत येऊन उभी राहते आणि आपण काय ठरवलंय ते बोलू लागते. मुलं आतून हाका मारत राहतात आणि शेवटी बाहेर येऊन तिच्या मागे उभी राहतात. एवढंच नाटक, आणि त्या शेवटच्या बोलण्यावर सगळा खेळ. भूमिका ज्यांच्याकडे होती त्या बाई फार नावाजलेल्या. प्रयोग तोंडावर आला आणि त्यांना सिनेमा मिळाला. त्या हसतमुखाने भावोजींच्या पाया पडून निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी निर्माता घरी आला. तो बिचारा रडकुंडीला आला होता, नाट्यगृह ठरलेलं, जाहिरात दिलेली. तो आला तेव्हा हॉलमध्ये पट्ट्या होत्या आणि ताई शेवटच्या प्रवेशात उभी होती, कारण भावोजींना त्यात काहीतरी बदलून पाहायचं होतं. संहिता तिच्या हातात नव्हती. निर्माता दारातच थांबला आणि शेवटपर्यंत थांबला. मग म्हणाला, मास्तर, वहिनींना सगळं पाठ आहे, यांनाच उभं करू या की. मी चहाचा कप हातात धरून बसले होते.

भावोजी म्हणाले, "ती नाही काम करत."

"करते," ताई म्हणाली. "मला करायचंय."

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. टेबलाने मधेच तोंड उघडलं असतं तर त्यांनी असंच पाहिलं असतं. मग त्यांनी जे सांगितलं ते खरं होतं, आणि म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला. ते म्हणाले की तिला आवाज नाही. खरंच नव्हता. इतकी वर्षं तिनं सगळ्या भूमिका दबक्या आवाजात केल्या होत्या, पोर उठेल म्हणून, वडील झोपलेत म्हणून, शेजारी तक्रार करतील म्हणून. तो आवाज खिडकीपर्यंत जायचा, चौथ्या रांगेपर्यंत गेला नसता. ताई म्हणाली, आवाज मी काढते. निर्मात्याने लगेच मान डोलावली. बुडत्या माणसानं लाकूड कुठल्या झाडाचं ते विचारायचं नसतं.

आवाज माझ्या दवाखान्यात निघाला. दुपारी मी पेशंट बंद करते, खिडक्या लावून घेते. ताई प्रतीक्षेच्या खोलीत एका टोकाला उभी राहायची आणि मी आतल्या खोलीत दार लावून, पाण्याचा नळ सोडून बसायची. मला शब्द कळला तर मी भिंतीवर एक थाप मारायची. पहिले काही दिवस भिंत अगदी गप्प होती. मग थापा सुरू झाल्या. एकदा ती "मी कुणालाही काही देणार नाही" असं इतक्या जोरात म्हणाली की लवकर येऊन बाहेर बाकावर बसलेला एक पेशंट दाढेवर हात ठेवून घरी निघून गेला. आवाज आला होता.

तालमीच्या हॉलवर मी गेले ती ताईला सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिला तिथे वर उभी पाहायला. भावोजी तिला इतर नटांसारखंच वागवत होते. अहो-जाहो करायचे. ‘बाई, तुम्ही इकडून या.’ ताईला त्याची गंमत वाटायची. सगळं बरं चाललं होतं. शेवटचं बोलणं आलं. आतून मुलांच्या हाका सुरू झाल्या, ताई मधल्या खोलीत उभी राहून बोलू लागली, आणि चारपाच वाक्यांनंतर थबकली. तिची मान उजवीकडे वळली.

भावोजींनी टाळी वाजवून तालीम थांबवली. खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "ते नको. ते मान वळवणं आता सगळे करतात. मला वीट आलाय त्याचा. कुठून उचललंत हे?"

"उचललं नाही," ताई म्हणाली. "माझंच आहे ते."

हॉलमध्ये सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग तिनं शांतपणे सांगितलं. रागाने नाही, तक्रारीने नाही, एखाद्या वस्तूची जागा सांगावी तसं. दूध, पाळणा, वडिलांची खोली, खिडकीपाशी स्टूल. मुलाचं काम करणारा नट फस्सकन हसला आणि एकटाच हसतोय हे कळल्यावर गप्प झाला. भावोजी उभेच होते. त्यांच्या मनात काय चाललंय याचा मला कधीच थांग लागलेला नाही, पण त्या वेळी त्यांचे ओठ हलत होते. मला वाटतं ते एकेक नाटक आठवून पाहत होते. मग त्यांनी आज एवढंच म्हणून तालीम सोडली.

त्या दिवशी आम्ही तिघं एकाच टॅक्सीतून घरी आलो. मला वाटलं होतं की आता हा माणूस काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल, निदान हसेल तरी. इतक्या वर्षांचा नावलौकिक पातेल्यातल्या दुधावर उभा आहे हे कळल्यावर माणसानं काहीतरी म्हणायला हवं. ते म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी, चहा पिताना, आणि ते भलतंच होतं.

"मान तुझी आहे हे मला कबूल आहे," ते म्हणाले. "तरी ती काढ. ही बाई त्या क्षणी कुणाचंही ऐकत नाहीये. मान वळली की नाटक पडलं."

आणि पुढे असंही म्हणाले की पहिल्या प्रयोगाला ताईच उभी राहील, पण तेव्हाही मान वळली तर दुसऱ्या प्रयोगापासून त्यांची एक जुनी विद्यार्थिनी ती भूमिका करेल. तिला त्यांनी संहिता देऊन ठेवली होती. मी कप आपटला. मी म्हटलं, भावोजी, तुम्ही माणूस आहात की कोण आहात. ताईनं मला हातानेच गप्प केलं. तिचं म्हणणं, ते बरोबर सांगतायत. मला तेव्हा दोघांचाही राग आला. ताईचा थोडा जास्त, कारण नाटकातलं तिला कळत होतं आणि मला कळत नव्हतं.

मान काही केल्या सुटेना. ताई ठरवून उभी राहायची, पाय रोवायची, आणि आतून हाक आली की मान आपली गेलीच. ती म्हणायची, मी वळवत नाही गं, ती वळते. मग मी माझ्या अकलेनुसार उपाय काढला. दवाखान्यातल्या खुर्चीत तिला बसवलं, डोकं मागे टेकवलं आणि भाषण म्हणायला लावलं. मी तिच्या उजवीकडे उभी राहून जमेल तेवढे आवाज काढायची. ट्रेमध्ये चिमटे टाकायची, ड्रिल चालू करायची, भांडं पाडायची. भाचीला फोन लावून फोन ताईच्या उजव्या कानाशी धरला, भाची पलीकडून ‘आई, आई’ करून ओरडत होती आणि मधेमधे हसत होती. सुरुवातीला ताईची मान उशीवर घासली जायची. मग कमी झालं. एक दिवस पूर्ण भाषणात मान हलली नाही आणि मी पेढा मागितला. पण त्याच संध्याकाळी, घरी, भावोजींना खोकल्याची उबळ आली तर हातातली भाजी तशीच टाकून तिनं मान वळवली. मी बघत होते. तिलाही कळलं मी बघतेय ते.

रंगीत तालमीला एकदा वळली. अगदी थोडी, बोटभर. भावोजींनी चष्मा काढून पुसला. ती जुनी विद्यार्थिनी दुसऱ्या रांगेत बसली होती. चांगली मुलगी आहे, उगीच वाईट बोलवत नाही. ती पुटपुटत होती, तिचं पाठांतर पक्कं होतं.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. मास्तरांचं शेवटचं नाटक म्हटल्यावर सगळे आले होते, ते पुस्तकवाले समीक्षकही. भावोजी नेहमीप्रमाणे विंगेत बसले, रंगमंचाच्या उजव्या बाजूला, खुर्ची टाकून. डॉक्टरांनी गर्दीत आणि धुळीत बसू नका असं बजावलं होतं म्हणून त्यांच्याशेजारी मला बसवलं होतं. पाण्याची बाटली आणि पंप माझ्या पर्समध्ये. तिथून ताई मला कडेनं दिसत होती, चार पावलांवर. पदर नीट खोचलेला, केस मागे बांधलेले. दिवे तिच्या अंगावर होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसत बसले नाही, कारण अंधारात कोण बघतंय.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्यात लोक हसले, जिथे हसायचं तिथेच. मग ताई मधल्या खोलीत आली आणि बोलू लागली. आतून मोठ्या मुलाची हाक आली. ती बोलत राहिली. धाकट्याची आली. ती बोलत राहिली. मान सरळ होती. मी देव पाण्यात घालून बसले होते, आणि भावोजी पुढे झुकून तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात त्यांना ढास लागली.

हे मी सरळ सांगते, कारण नंतर लोकांनी काय काय रचलं. म्हणे मास्तरांनी परीक्षा पाहिली, म्हणे ते नाटकातच होतं. तसलं काही नव्हतं. मी शेजारी होते. पडद्यांची धूळ त्यांच्या छातीत गेली होती. ते तोंडावर रुमाल दाबून खोकले, मग श्वास ओढायला लागले आणि तो आत जाईना. हात खिशाकडे गेला. खिशात पंप नव्हता, तो माझ्याकडे होता हे ते विसरले. नाट्यगृहात आहोत हेही विसरले असावेत, कारण सगळी हयात विंगेत चिडीचूप बसलेला हा माणूस घरच्या आवाजात म्हणाला, "अगं, पंप कुठाय?"

मी पर्समध्ये हात घातला. पर्स माझी, म्हणजे त्यात सगळं गाव. चाव्या हाताला लागल्या, चष्म्याचं घर लागलं, पंप लागेना. रंगमंचावर दोन्ही मुलं एव्हाना बाहेर येऊन मागे उभी होती. दोघांच्याही माना गर्रकन उजवीकडे वळल्या. तयार केलेली माणसं ती, त्यांचा काय दोष. पंप हाताला लागला तोवर भावोजींनी पुन्हा हाक मारली. या वेळी फक्त "अगं". आवाजात भीती होती. मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ताईनं ऐकला असणार, मागे एकदा दम वाढून त्यांना इस्पितळात न्यावं लागलं त्या दिवशी.

ताई चार पावलांवर होती. तिच्या मानेची शीर ताठली, मला दिसली. पण मान हलली नाही, आवाजही हलला नाही. ती समोर लोकांकडे बघून बोलत राहिली, वाक्यामागून वाक्य. मी पंप भावोजींच्या तोंडात धरून दाबला, एकदा, पुन्हा एकदा. श्वास आत गेला. तो परत सुरळीत होईपर्यंत ते माझं मनगट धरून होते आणि डोळे मात्र तिच्यावर होते. मला त्या क्षणी ताईची भीतीच वाटली. इतक्या वर्षांत मला माझ्या बहिणीची भीती कधी वाटली नव्हती. प्रेक्षागृहात कुणी खाकरतसुद्धा नव्हतं. तिनं शेवटचं वाक्य म्हटलं आणि दिवे गेले.

पडदा पडल्यावर जे काही व्हायचं ते सगळं झालं. टाळ्या, फुलं, निर्माता रडला, समीक्षक आत येऊन ‘त्या न वळलेल्या मानेबद्दल’ भावोजींचे दोन्ही हात धरून बोलत राहिले. मी त्यांना वाटेला लावलं. मग रंगपटात आम्ही तिघंच उरलो. जुनी विद्यार्थिनी दाराशी उभी होती, आत यावं की नको अशी. ताई आरशासमोर बसून चेहरा पुसत होती. भावोजी तिच्या मागे खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक होता.

"तुला ऐकू आलं नाही का?" त्यांनी विचारलं.

"आलं," ताई म्हणाली. "दोन्ही वेळा आलं."

"मी घाबरलो होतो गं."

"तेही कळलं."

तिनं कापूस खाली ठेवला. मेकअप पुसायच्या तेलाच्या बाटलीचं झाकण तिला दोनदा प्रयत्न करूनही लावता येईना. भावोजी ते बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस रागावेल, नाहीतर रडेल, आणि यातलं काहीही केलं तरी मी आज त्याला नाव ठेवणार नाही. त्यांनी पुढे वाकून झाकण तिच्या हातातून घेतलं आणि लावून दिलं. मग घसा साफ केला.

"उद्या शेवटच्या वाक्याआधी थोडं थांबा, बाई," ते म्हणाले. "आज घाई झाली."

दाराशी उभी असलेली विद्यार्थिनी हळूच मागच्या मागे निघून गेली. मी पंप या वेळी भावोजींच्या खिशात ठेवला आणि टॅक्सी बघायला बाहेर पडले.